चवथीचे चारशे आणि लाल रंगाचे बाराशे

"माई, माझं सगळं मुसळ केरात गेलं." पत्राची सुरुवातच अशी. डिचोलीहून लिहिलंय, वय ३४, पणजीला ऑफिसात नोकरी, सकाळी सातची बस आणि घरी पोचायला संध्याकाळचे सात. एप्रिलात डॉक्टरांनी शुगर बॉर्डरवर आलीय म्हणून सांगितलं तेव्हा वजन ७८ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. मग फोनमध्ये एक ॲप घेतलं, दिवसाला १,५०० कॅलरी ठरवल्या आणि पाच महिन्यांत ७१ वर आली. आणि मग आली चवथ, गणेशचतुर्थी. पुढचं तिच्याच शब्दांत, थोडं कापून:

"दुपारी पान वाढलं, खतखतं, मुगागाठी, वडे, मणगणं, सगळं थोडं थोडंच घेतलं, नेवऱ्या दोनच. उठल्यावर ॲपमध्ये टाकलं तर १,९०० आणि आकडा लालभडक. माई, पोटात गोळाच आला. मग म्हटलं आजचा दिवस बुडालाच आहे ना, मग बुडू दे. संध्याकाळी आरतीला माणसं आली तेव्हापासून झोपेपर्यंत मी खातच होते, डब्यातल्या आणखी तीन नेवऱ्या, उरलेलं मणगणं, दोन लाडू, येताजाता चिवडा. त्यातलं काही लिहिलं नाही, लिहायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत नुसता काळा चहा, आणि विसर्जन करून आल्यावर परत तेच. ते पण नाही लिहिलं. तिसऱ्या दिवशी काट्यावर ७२.८. नवरा म्हणतो एका दिवसानं काय होतं, सासू म्हणते देवाचं खाल्लेलं अंगाला लागत नाही. पाच महिने फुकट गेले का? सोमवारपासून परत सुरू करू की सोडूनच देऊ?"

अगो बाय, सोडायचं काही नाही आणि सोमवारची वाट पण बघायची नाही. हे आधीच सांगून टाकते कारण पुढे मी हिशोबात शिरणार आहे, आणि फोंड्याला १९ वर्षं डाएटिशियन म्हणून लोकांच्या ताटातलं मोजत बसल्यामुळे मला एकदा हिशोब मिळाला की थांबता येत नाही.

पहिलं म्हणजे तुझा तो १,५०० आला कुठून ते बघ. तुझं वय, उंची, वजन मी मिफ्लिन आणि सेंट जिऑर यांच्या १९९० च्या सूत्रात टाकलं (बरीचशी ॲपं हेच नाहीतर असलंच एखादं सूत्र वापरतात), तर तू दिवसभर नुसती खाटेवर पडून राहिलीस तरी शरीर साधारण १,३५० कॅलरी जाळतं. त्यात बसस्टॉपपर्यंतची चाल, ऑफिसचे जिने, घरचं काम, केर-भांडी सगळं धरलं की २,००० च्या आसपास जातं. शंभरेक इकडेतिकडे होईल, सूत्र आहे ते, काही तुझ्या अंगात मीटर बसवलेला नाही. तर या २,००० मधून ५०० कमी करून तुला १,५०० दिलेत, वजन उतरावं म्हणून.

म्हणजे चवथीच्या दुपारी जेवून उठलीस तेव्हा तू १,९०० वर होतीस, जळणार होते २,०००. कळतंय का मी काय म्हणते ते? चवथीचं पूर्ण पान जेवून, दोन नेवऱ्या खाऊन, तू अजून वजन कमी होण्याच्याच बाजूला होतीस! रात्री थोडीशी पेज घेतली असतीस तर फार तर वजन आहे तिथं राहिलं असतं. पण ॲपला चवथ कळत नाही, त्याला १,५०१ पण लाल आणि ४,००० पण लाल.

आता रात्रीचं. तू लिहिलं नाहीस तर मीच लिहिते. तीन नेवऱ्या, मैद्याची पारी आणि आत खोबरं-साखर आणि वरून तळलेली, मध्यम आकाराची एक दीडशेची तरी धर, झाले ४५०. मणगणं वाटीभर, चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस, ३०० च्या खाली नाही. दोन लाडू ३००, चिवड्याच्या मुठी १५०. सगळे मिळून १,२००. म्हणजे दिवसाचे झाले ३,१००, ठरवल्यापेक्षा १,६०० जास्त. त्यातले चवथीचे ४००, आणि लाल रंगाचे १,२००.

हे मी तुला टोमणा म्हणून नाही सांगत. या गोष्टीवर अभ्यास झालेत, आणि डाएट करणारी बरीच माणसं असंच वागतात. १९७५ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलींवर एक प्रयोग झाला होता. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं आणि सांगितलं चव घेऊन मार्क द्या, हवं तेवढं खा. ज्या मुली खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच आहे, पोट भरलेलं. ज्या कायम डाएटवर असायच्या त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. मोडलंच आहे तर मोडू दे, तुझंच वाक्य. पुढे २०१० मध्ये टोरोंटोच्या पॉलिव्ही आणि हर्मन या जोडीनं आणखी गंमत केली, सगळ्यांना पिझ्झाचा तुकडा दिला अगदी सारख्या मापाचा, पण काहींना असं भासवलं की तुझा तुकडा दुसऱ्यांपेक्षा मोठा आहे. आणि डाएटवाल्यांपैकी ज्यांना आपला तुकडा मोठा वाटला त्यांनी नंतर बिस्किटं जास्त खाल्ली. पोटात गेलं होतं तेवढंच गं! नुसतं वाटलं की आपण जास्त खाल्लं. तुझा लाल आकडा म्हणजे तो मोठा दिसणारा तुकडा.

बरं, आता काट्यावरचे ७२.८. रविवारी ७१ होतीस म्हणतेस, म्हणजे १.८ किलो वाढले. एक किलो चरबी अंगावर चढायला ढोबळमानानं ७,७०० कॅलरी जादा लागतात, तर १.८ किलोला झाले १३,८०० च्या वर. नेवऱ्यांत सांगायचं तर नव्वद नेवऱ्या, आणि त्या सुद्धा रोजचं २,००० चं जेवण पूर्ण जेवून वरून. तू नव्वद खाल्ल्यास का? सासूनं डबा तरी किती मोठा केला होता?

चवथीला तू जळणाऱ्या २,००० च्या वर १,१०० गेलीस, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासूनचं धरून आपण २,४०० म्हणू, म्हणजे वर ४००. दोन्ही मिळून १,५००. चरबी म्हणून त्याचे दोनशे ग्रॅम पण होत नाहीत. बाकीचे दीड किलोच्या वर जे काट्यानं दाखवले ते पाणी आणि पोटात असलेलं अन्न. भात-गोड खाल्लं की शरीर त्यातली थोडी साखर ग्लायकोजेन म्हणून स्नायूत आणि लिव्हरमध्ये साठवतं आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पाच महिने मोजून खाणाऱ्या बाईचा हा साठा नेहमी थोडा उतरलेला असतो, एका सणात भरून येतो, आणि काटा वर. त्यात पापड, लोणचं, चिवड्याचं मीठ, ते आणखी पाणी धरतं. त्यात पाळी जवळ आली असेल तर विचारूच नको. चारपाच दिवस नेहमीसारखं जेवलीस की हे आपोआप उतरतं, काही काढा-बिढा प्यायची गरज नाही, लिंबू-मधाचं पाणी तर मुळीच नाही, ते लोक अजून का पितात मला कळत नाही.

म्हणून सणानंतर चारपाच दिवस काट्याकडे जायचंच नाही. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम वजन करायचे, स्वतःला धडा शिकवायला म्हणून, आणि मग दिवसभर धुमसत बसायचे आणि रात्री बार गाठायचे. काय धडा शिकले ते त्यांनाच ठाऊक.

आता पाच महिने फुकट का, तर हे मी तुझ्याच आकड्यांवरून दाखवते. सात किलो उतरले, गुणिले ७,७००, झाले ५३,९००. पाच महिन्यांचे दिवस १५० धर. भागाकार कर, दिवसाला येतात ३६० च्या आसपास. आणि तू ठरवली होतीस ५०० ची तूट. म्हणजे गेले पाच महिने तू दिवसाला सरासरी १४० कॅलरी ठरवल्यापेक्षा जास्तच खात आलीस, कधी कुणाचा बर्थडे, कधी मापात चूक, कधी आयतवारी दुपारी जास्तीची वाटी. अगदी काटेकोर नसतं हे, वजन उतरतं तसं शरीर जाळतं पण थोडं कमी, पण मुद्दा तोच. तू कधीच १,५०० वर नव्हतीस बाय, आणि तरीही सात किलो गेले. त्या सात किलोंत तुझे लाल दिवस आधीच धरलेले आहेत.

चवथीचा आठवडाच घे. एक दिवस ३,१००, एक दिवस २,४००, बाकी पाच दिवस नेहमीचे १,५००, बेरीज १३,०००. आठवड्यात जळणार १४,०००. म्हणजे कागदावर त्या आठवड्यात पण तू किंचित कमीच झालीस, सव्वाशे ग्रॅम म्हण. पण हे कधी, तर बाकीचे पाच दिवस नेहमीचे गेले तर! तू "सोमवारपासून" म्हणून बसलीस आणि गुरुवार शुक्रवार शनिवार आयतवार चारही दिवस तसेच गेले तर मग हिशोब फिरतो. एका दिवसाला मी कधीच घाबरत नाही. मला भीती वाटते ती सोमवारची, कारण वजन कमी करायला निघालेल्या माणसाचा सोमवार फार लांब असतो, चवथीनंतरचा सोमवार कधीकधी दसऱ्यापर्यंत येत नाही.

आणि तुझी शुगर, जिच्यामुळे हे सगळं सुरू केलंस, तिचं काय ते तू पत्रात लिहिलंच नाहीस. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला, शुगर बॉर्डरवर असलेल्या माणसांचा, त्यांना वजनाच्या ७ टक्के उतरवायचं लक्ष्य दिलं होतं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं वगैरे. त्या गटात डायबिटीस होण्याचं प्रमाण, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी निघालं. ७ टक्के. तू ७८ वरून ७१, म्हणजे ९ टक्के. आणि आपल्या गोव्यात हे काही छोटं काम नाही, २०२३ मध्ये आयसीएमआरचा देशभराचा अभ्यास आला त्यात डायबिटीसमध्ये गोवा पहिला, २६.४ टक्के, दर चार मोठ्या माणसांत एक. तेव्हा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी टेस्ट परत करून घे, डॉक्टरांना दाखव, आणि तो आकडा मला कळव, काट्याचा नको.

आता दुसऱ्या दिवसाच्या उपासाबद्दल जरा रागावणार आहे. पाचपर्यंत काळा चहा! कशाला? तुला वाटलं आदल्या दिवशीचं वजा होईल. होतं काय, की पाच वाजता तू भुकेनं इतकी कावरीबावरी झालेली असतेस की समोर दिसेल ते चांगलं वाटतं, आणि घरात सणाचं उरलेलं असतं, पेजेचं तपेलं नसतं. सकाळी नेहमीचा नाश्ता केला असतास तर संध्याकाळी त्या डब्याशी तुझं भांडण झालंच नसतं. ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी तर असला उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये, शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येऊन पडतात माणसं. तुला गोळी नाही म्हणतेस, ठीक, पण वाचणाऱ्या दहा जणींत दोघींना तरी असेलच.

व्यायामानं फेडायचं पण डोक्यातून काढ. तुझ्या वजनाला एक किलोमीटर चालायला पन्नासेक कॅलरी लागतात. ते रात्रीचे १,२०० चालून काढायचे तर म्हापशाहून पणजीला चालत ये आणि जवळजवळ तशीच चालत परत जा. चालायला मिरामारला जा, चांगली हवा असते, माणसं दिसतात, झोप लागते. शिक्षा म्हणून जाऊ नको.

मग काय करायचं? लिही. तेवढंच. लाल झालं तरी लिही, खरं म्हणजे लाल झाल्यावर तर लिहीच. ग्रॅम माहीत नसले तर "नेवऱ्या तीन, मणगणं वाटीभर, अंदाजे ७५०" एवढं पण चालेल. बघ ना, तुझ्या ॲपमध्ये चवथीचा दिवस १,९०० वर थांबलाय आणि त्याच्या पुढचा दिवस रिकामा. जे काही झालं ते सगळं त्या न लिहिलेल्या भागात झालं. लिहायचं नाही असं एकदा ठरलं की मग ती नेवरी कुणीच खाल्लेली नसते, तूही नाही, आणि जी कुणी खाल्लीच नाही ती मोजायची कशाला, आणखी एक घे.

न लिहिलेलं विसरायला होतं ते वेगळंच. १९९२ मध्ये एक प्रसिद्ध अभ्यास झाला, आम्ही कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही म्हणणाऱ्या लोकांचा. नीट मोजलं तेव्हा कळलं की ते जेवढं खात होते त्याच्या जवळजवळ निम्मं, ४७ टक्के, त्यांच्या सांगण्यात आलंच नव्हतं. खोटारडी माणसं नव्हती ती. जे आठवतं तेच सांगणार ना माणूस.

माझी एक जुनी वही आहे, ॲपं यायच्या आधीची, निळ्या पुठ्ठ्याची. मी पण तेव्हा अकरा किलो उतरवायला निघाले होते, डाएटिशियन स्वतः जाडी असली की लोक ऐकत नाहीत. तर त्या वहीत एका फेब्रुवारीतल्या दिवसाला लिहिलंय, "खाजें, पाव किलो." बस, पुढे काही नाही. जत्रेतून अर्धा किलो खाजें आणलं होतं, आलं घातलेलं, गुळाचं, कुरकुरीत, शेजारच्या मुलांना द्यायचं म्हणून, आणि घरी येऊन टीव्हीसमोर पुडीतलं अर्धं मीच संपवलं. त्या ओळीतला "पाव" शब्द मी दोनदा गिरवलाय, पेन चालत नव्हतं की राग आला होता आता आठवत नाही. आणि त्याच्या खालची ओळ, दुसऱ्या दिवशीची, "पेज, तोराचं लोणचं, उकडलेलं अंडं". नेहमीचा नाश्ता. त्या वहीत असल्या खाजेंवाल्या ओळी मी नंतर मोजल्या, दीड वर्षात ४१ निघाल्या. अकरातले नऊ किलो गेले, दोन अजून माझ्याकडेच आहेत.

ॲपमध्ये आणखी एक कर, जमत असेल तर लाल रेघ २,००० वर सरकव आणि १,५०० फक्त मनात ठेव. किंवा ॲपला तसं करता येत नसेल तर फ्रिजवर चिठ्ठी लाव, दोन आकडे, १,५०० आणि २,०००. १,५०० च्या आत दिवस गेला तर ठरलं तसं. दोन्हींच्या मध्ये गेला तर जरा सावकाश, पण दिशा तीच. २,००० च्या वर गेला तर त्या दिवशी वजन उतरलं नाही, एवढंच. बहुतेक ॲपमध्ये आठवड्याची सरासरी पण दिसते, शनिवारी रात्री ती बघ. रोज बघून काय करणार आहेस.

पण आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर नवऱ्याला हे वाचून दाखवशील आणि तो म्हणेल बघ मी सांगत होतो. "एका दिवसानं काय होतं" हे तेव्हाच खरं जेव्हा तो खरंच एक दिवस असतो. आपल्या गोव्यात ना, दिवस संपतच नाहीत. चवथ झाली की दसरा, दिवाळीचे फोव, मग तुळशीचं लग्न, जत्रा सुरू, नाताळात शेजारून येणारं ताट, मग लग्नं, शिगमो, आणि यातलं काहीच नसलं तर आयतवार आहेच, नुस्तें आणि बियर. सोमवार ते गुरुवार चार दिवस ५०० ची तूट ठेवलीस, झाले २,०००. शुक्रवार, शनिवार, आयतवार रोज २,००० च्या वर सातशे गेलीस, झाले २,१००. संपलं, आठवड्याचा हिशोब शून्याच्या पण वर, आणि बाई म्हणणार मी तर आठवडाभर डाएट करते. करते की, चार दिवस. अधूनमधून म्हणजे महिन्यात दोनतीनदा असेल तर माझं काही म्हणणं नाही. दर आठवड्याला तीनदा असेल तर ते अधूनमधून नव्हे, तेच तुझं जेवण.

आणि सणापेक्षा मला तुमच्या रोजच्या नारळाचा जास्त संशय आहे. मी एकदा माझ्याच घरी हुमणाला, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या माशांच्या कडीला, घातलेला अर्धा नारळ खवून काट्यावर ठेवला, १३० ग्रॅम भरला. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी, म्हणजे त्या अर्ध्या नारळाच्या साडेचारशे, चौघांत वाटले तरी प्रत्येकी शंभरच्या वर. वाटून गाळून नुसता रस घेतला तर थोड्या कमी, पण आम्ही हुमणाला वाटण सगळंच घालतो. आणि ॲपमध्ये माणूस काय टाकतो, "फिश करी, एक वाटी", कुणीतरी कुठल्यातरी देशात भरलेला आकडा, त्यात नारळ आहे की नाही देव जाणे. हे रोज दोन वेळा. तुझे ते रोजचे १४० कुठे जात असतील त्याचा मला तरी पत्ता लागलाय. नारळ बंद कर म्हणत नाही, गोव्यात राहून कोण बंद करणार, एकदा फक्त तुझ्या घरचा खवलेला नारळ मोज आणि ॲपमध्ये तुझी स्वतःची कडी बनवून ठेव, तेलासकट, एक मोठा चमचा तेल १२० चं असतं. मग त्याच कडीवर दरवेळी बोट ठेवायचं, झालं.

सासूबाईंचं म्हणशील तर देवाचं अंगाला लागतं, त्यांना सांगू नको पण लागतं. त्यांच्याशी वाद घालू नको, पानात वाढतील ते वाढू दे, पातोळी घे, ती वाफवलेली असते, तळणातली नाही, हळदीच्या पानाचा वास पण येतो, नेवरी एकच घे आणि बसून खा. उभ्याउभ्या डब्यातून घेतलेली नेवरी मोजली जात नाही हा माझा अनुभव. आणि उरलेलं विसर्जनाच्या दिवशीच वाटून टाक. कुणाकुणाला द्यायचं ते सासूबाईंनाच विचार, त्या खूश होतील आणि डबा रिकामा होईल.

एक गोष्ट जरा गंभीरपणे विचारते, पत्रात लाज हा शब्द आला म्हणून. असं लपून, थांबता न येता खाणं जर फक्त चवथीला झालं असेल तर वरचं सगळं पुरे. पण दर आठवड्याला होत असेल, खाल्ल्यावर ओकून टाकावंसं वाटत असेल, जुलाबाच्या गोळ्या घेत असशील, दिवसभर डोक्यात दुसरं काही येतच नसेल, तर मग हे कॅलरीचं काम नाही, १,५०० पण बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांशी बोल. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालू. तिथं फोन केला म्हणजे काही वेड लागलं असं होत नाही. दात दुखला तर जातेसच ना डॉक्टरकडे.

नाहीतर आज रात्री एवढंच कर. ॲप उघड, चवथीचा दिवस काढ, १,९०० च्या खाली ते बाराशे घाल. पुढचा रिकामा दिवस पण भर, आठवेल तसा. मग उद्या सकाळी सातच्या बसच्या आधी नेहमीचा नाश्ता. वजन पुढच्या आयतवारी, उपाशीपोटी, एकदाच.

आणि हो, नेवऱ्या ओल्या खोबऱ्याच्या होत्या की सुक्या? मी ओल्याच्या धरल्यात. सुक्या असतील तर तीस-चाळीस वाढव.